जनरेटरच्या तोंडातला बोळा

१

जनरेटरच्या सायलेन्सरमध्ये कोणीतरी फडक्याचा बोळा कोंबला होता. मितेशने तो पकडीने ओढून काढला आणि अंगणात सगळ्यांसमोर आपटला.

"हे बघा! आता तरी पटलं? जनरेटर बिघडला नाय, बिघडवलाय."

लाल-पांढऱ्या चौकड्यांचं फडकं होतं ते. तेलात भिजलेलं आणि पिळून घट्ट गुंडाळलेलं.

शुक्रवारची सकाळ होती. जुलै महिना, मासेमारीची बंदी. वेसाव्याच्या सगळ्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या. बंदीच्या दिवसांत ज्याच्या फ्रीजरमध्ये मासळी, तो राजा. अंजनाबाई खानावळ चालवायची; बंदीत ती बंद असली, तरी फ्रीजर काठोकाठ भरलेला होता. पापलेट, सुरमई, दाढा, सगळं रविवारसाठी राखलेलं. रविवारी जमातीचे, म्हणजे कोळीवाड्याच्या पंचायतीचे, अध्यक्ष नंदकुमार यांच्या नातवाचा पहिला वाढदिवस होता आणि जेवणाचा सगळा भार अंजनाबाईवर होता.

बुधवारी सकाळी गल्लीतली केबल जळली. वीज गेली ती गुरुवारी संध्याकाळी आली. शेजारपाजारचे जनरेटर धडधडू लागले, अंजनाबाईचा मात्र हूं की चूं करीना. मितेशने झाकण उघडलं तर टाकी कोरडी ठणठणीत. स्कूटरमधून पेट्रोल काढून भरलं. तरी नाही. प्लगची वायर बाजूला लोंबत होती, ती जोडली. तरी नाही. आता सुरू होईल, मग सुरू होईल, असं म्हणत माय-लेकांनी दीड दिवस घालवला. बर्फ आणायची बुद्धी सुचली तोवर फ्रीजरमधून पाणी गळत होतं. सगळी मासळी खाडीत फेकावी लागली.

आणि आज हा बोळा.

"पेट्रोल चोरलं, वायर काढली, तोंड बंद केलं," मितेश एकेक बोट दुमडत म्हणाला. "जनरेटरला हात कोण लावतो? एकटा तो मुलुंडवाला निलेश. आणि वीज गेली त्याच दिवशी नेमका त्याचा फोन बंद! संध्याकाळी पाच वाजता जमात बसतेय. कोळीवाड्यात वीस घरी तो जनरेटर बघतो ना? उद्यापासून एकाही घरात त्याला पाय ठेवू देणार नाय."

अंजनाबाई ओट्यावर कपाळाला हात लावून बसली होती. तिने शेजारच्या पोरीला हाक मारली.

"जा गो, सोनूबायला बोलावून आण. पाच वाजायच्या आत."

२

सोनूबाई म्हणजे बाजारातल्या कोळणींची पुढारी. वय अडुसष्ट. चाळीस वर्षं टोपलीमागे बसून तिने दोन गोष्टी शिकून घेतल्या होत्या. कल्ला उचलून मासळी पारखायची आणि डोळ्यांत बघून माणूस. गल्लीतल्या भांडणात लोक आधी तिच्याकडे येत, मग जमातीकडे जात.

बाजार आटपून दुपारी ती आली तेव्हा मितेश दारात स्कूटर लावून, हातातल्या एका अरुंद कापडी पट्टीने सीट पुसत होता.

"मावशी, तू कशाला त्रास घेतलास? चोर सापडलाय."

"सापडलाय तर मना बघू दे. कुठं बांधून ठेवलास?"

सोनूबाईने अंगणातला बोळा उचलला, नाकाशी नेला आणि बोटांनी चोळला. बोटांवर मधाच्या रंगाचं तेल आलं.

"हे तेल नवं आहे. जळकं नाय."

"तेल ते तेल, मावशी."

"बोळा काढल्यावर तरी सुरू झाला?"

"कुठला! पन्नास वेळा दोरी ओढली. आत पण काहीतरी ओतलंय मेल्याने."

सोनूबाई जनरेटरजवळ गेली. दोन घरांच्या मधल्या बोळात, शेजारच्या मीराच्या खिडकीखाली तो ठेवलेला होता. त्याच्यावर जाड निळं कव्हर होतं, कोरं करकरीत.

"हे कव्हर कधीचं?"

"मीच आणलं. गेल्या रविवारी चढवलं," मितेश म्हणाला. "पावसाने गंजायला नको म्हणून. काळजी आम्ही घ्यायची आणि वाट दुसऱ्याने लावायची!"

"तेव्हा बोळा दिसला नव्हता?"

"सायलेन्सरमध्ये डोकं घालून कोण बघतं? कव्हर चढवलं, दोऱ्या आवळल्या, झालं."

सोनूबाई अंजनाबाईकडे वळली. "घरात आणखी कोण कोण असतं गो?"

"आम्ही दोघं. मोठे भावजी होते, ते सहा तारखेला सातपाटीला लेकीकडे गेले. पोरीचं बाळंतपण आहे. देवमाणूस. जाताना पण माझ्यासाठी पाणी भरून गेले."

"निलेश शेवटचा कधी आला होता?"

"एक तारखेला. दर महिन्याच्या एक तारखेला येतो. आजही येतो म्हणालाय. मितेशचा फोन आत्ता लागला त्याला."

"येतोय?" मितेश म्हणाला, "येणार नाय तो. लिहून घे."

तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी अवजारांची पिशवी खांद्यावर घेतलेला निलेश उभा राहिला.

३

तिशीतला पोरगा. डोळे तांबारलेले, अंगात चुरगळलेला शर्ट. कणकवलीहून उशिरा पोचलेल्या रात्रीच्या गाडीने येऊन घरीही न जाता तो थेट वेसाव्याला आला होता.

"काकी, मी काय ऐकतोय हे?"

मितेश पुढे सरसावला. सोनूबाईने हात आडवा धरला. "तू आत जा, चहा टाक. मी याच्याशी बोलते."

निलेश पिशवीवरच टेकला. त्याचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद झाल्यावर घर मुलुंडला गेलं आणि पोरगा यंत्रांत रमला. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून त्याने हे काम धरलं होतं. वेसाव्यातली वीस घरं हीच त्याची कमाई आणि हीच त्याची ओळख.

"मावशी, इथून मला काढलं तर दुसरीकडेही कोणी उभं करणार नाही. लोक म्हणतील, याने गिऱ्हाइकाचा जनरेटर मारला."

"फोन बंद का होता?"

"आजी गेली माझी. गावात रेंज नाही. परवा तिचं तेरावं होतं."

"एक तारखेचं सांग. काही गाळू नको."

"आलो. तेल बघितलं, बदललं. हवेची जाळी धुतली, वाळवली. सुरू करून फ्रीजर जोडला आणि वीस मिनिटं चालवला. नुसता रिकामा चालवून उपयोग नसतो, भार द्यावा लागतो. झकास चालला. मग बंद करून थंड होऊ दिला आणि टाकी भरली. गरम असताना मी कधी पेट्रोल ओतत नाही."

"नंतर?"

"नंतर काकींना म्हणालो, माझी आजी अत्यवस्थ आहे, पुढच्या महिन्यात कदाचित येणं होणार नाही. उभ्या यंत्रात पेट्रोल राहिलं तर त्याचा चिकटा होतो आणि कार्बोरेटर चोंदतो. तेव्हा एक तर महिन्यातून एकदा तुम्हीच चालवा, नाहीतर रिकामं करून नीट ठेवून द्या."

"अंजना काय म्हणाली?"

"त्या आत भाकऱ्या भाजत होत्या. हो हो म्हणाल्या. ऐकलं की नाही, देव जाणे. ओट्यावर मोठे काका जाळं सांधत बसले होते, ते तेवढे मान हलवत होते."

सोनूबाईने जनरेटरकडे बोट दाखवलं. "प्लग उघड. माझ्यासमोर."

निलेशने पान्याने प्लग काढला. टोक तेलाने माखलेलं होतं. त्याने भोकात स्वच्छ काडी घालून बाहेर काढली. काडीवरून मधाच्या रंगाचा थेंब ओघळला.

निलेशचा चेहरा उतरला. "आत तेल आहे, मावशी. मी घातलं नाही. आईशपथ!"

दारातून मितेश ओरडला, "बघितलंस? म्हणालो नव्हतो, आत ओतलंय!"

४

मीरा खिडकीतून सगळं बघत होती. सोनूबाईने वर मान केली.

"तू पण ये गो खाली. तुझ्याशी पण बोलायचंय."

"मी कशाला येऊ? मी कोणाचं खाल्लं नाय."

"तू पंचवीस जणींसमोर नळावर म्हणाली होतीस, या जनरेटरच्या तोंडात बोळा कोंबीन."

मीरा पदर खोचत खाली आली. चाळिशीची, तोंडाची फटकळ. कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"म्हणाले होते! अजून म्हणेन! खिडकी माझी, धूर यांचा. एक तारखेला वीस मिनिटं चालवला तर माझं डोकं फुटायची पाळी आली, पोटात ढवळायला लागलं. सासूबाई तर पलंगावरून उठेनात. सांगितलं तर मितेश म्हणतो, खिडकी लावून घे. एवढ्या उकाड्यात खिडकी लावून घेऊ?"

"मग कोंबलास?"

"कोंबला असता तर चुलीतली चिंधी कोंबली असती सुकी. नवं तेल माझ्या घरचं वर आलंय काय, यांच्या यंत्राला पाजायला?"

सोनूबाई हसली नाही, पण तिच्या कपाळावरची आठी सैल झाली. मीराच्या मागे उभं राहून तिने खिडकी निरखली. जनरेटरचं तोंड आणि खिडकीची चौकट यांत हातभर अंतर होतं.

"तुझं डोकं दुखतं ते खोटं नाय," ती हळूच म्हणाली. "ते नंतर बघू. या बोळात पंधरा दिवसांत कोण कोण आलं, ते सांग."

"निलेश एकदा. मितेश रविवारी, कव्हर घेऊन. आणि घरचीच माणसं. बाहेरचं कोण येणार? तोंडावर माझी खिडकी आहे, चिमणी आली तरी मना दिसते."

"घरचीच माणसं."

"हां."

सोनूबाई जनरेटरच्या शेजारी उकिडवी बसली आणि पुटपुटू लागली, जणू समोर मासळीची टोपली होती.

"पेट्रोल काढलं, पण एक थेंब जमिनीवर नाय. वायर काढली, पण तोडली नाय. आत तेल घातलं, ते पण चमचाभर, नवं. ज्याला मारायचं असतं तो साखर ओततो, वाळू ओततो. चमचाभर चांगलं तेल घालत नाय."

तिने बोळा उलगडला. फडक्याची एक कड सरळ होती, दुसरी हाताने फाडलेली. कोणीतरी मोठ्या रुमालातून तुकडा काढला होता.

ती एकदम उठली. "अंजना, चप्पल घाल. किनाऱ्यावर जायचंय."

"आता? साडेतीन वाजले!"

"म्हणूनच."

५

अनंता हा अंजनाबाईचा मोठा दीर, होडीचा तांडेल म्हणजे कप्तान. त्याची होडी वाळूवर लाकडी टेकूंवर उभी होती. सोनूबाईचा नवरा बावीस वर्षं याच होडीवर खलाशी होता. ती शिडीवरून चढली, अंजनाबाई धापा टाकत मागून आली.

"कोणाला शोधतेस गो इथं?"

"चोराला नाय, झोपलेल्या इंजिनाला."

इंजिनाची फळी तिने सरकवली. आतल्या इंजिनाला तेलाचा हात फिरवलेला होता. धुराची नळी फडक्याने बंद केलेली होती. आणि फिरवायच्या हँडलला एक पट्टी बांधलेली होती, लाल-पांढऱ्या चौकड्यांची.

अंजनाबाईने पदराने तोंड झाकलं. "अगो बाय..."

"थांब. अजून एक बघू." सोनूबाई होडीच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाशी, गेली. तिथे एक पेटी होती. तांडेल पेट्रोल कधी घरात ठेवत नसे. चुलीचं घर आणि पेट्रोलचं घर वेगळं, असं तो खलाशांना बजावून सांगे. पेटीचं झाकण वर झालं. आत सावलीत, बूच घट्ट लावलेला एक कॅन होता. तिने हलवला. कॅन भरलेला होता.

"तुझं पेट्रोल," ती म्हणाली. "आता सांग, चोर हवाय की नको?"

अंजनाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "मोठे भावजी? ते आमचं वाईट करतील?"

"वाईट नाय. इतकं चांगलं केलंय की कोणाला कळलंच नाय. पण एक गोष्ट अजून राहिली." सोनूबाईने हँडलवरच्या पट्टीला हात लावला. "अशीच एक पट्टी तुमच्या जनरेटरला असायला हवी होती. ती कुठाय?"

६

पाच वाजता जमातीच्या हॉलमध्ये माणूस मावत नव्हता. पुढे नंदकुमार बसले होते, चेहरा गंभीर. त्यांच्या नातवाच्या जेवणाची मासळी गेली होती. मितेशने बोळा टेबलावर ठेवला आणि सगळं मोठ्या आवाजात सांगितलं. निलेश भिंतीशी उभा होता. त्याने पिशवीचा पट्टा मुठीत इतका आवळला होता की बोटं पांढरी पडली होती.

"कोणाला काही म्हणायचंय?" नंदकुमारांनी विचारलं.

"मना," सोनूबाई उठली. "आधी एक विचारते. बंदी लागली की तुम्ही तुमच्या होडीचं इंजिन काय करता?"

"काय म्हणजे? निजवतो."

"कसं? मोठ्याने सांगा, या पोरांना ऐकू जाऊ दे."

नंदकुमार बोलू लागले. "डिझेलचं बघतो. वरून नवं तेल घालतो, आत गंज चढायला नको म्हणून. तारा सोडवतो. धुराच्या नळीत तेलाचा बोळा घालतो, म्हणजे खारी हवा, उंदीर, किडे..."

ते बोलता बोलता थांबले. टेबलावरच्या बोळ्याकडे बघत राहिले. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली.

"या जनरेटरला कोणी मारलं नाय," सोनूबाई म्हणाली. "निजवलंय. निलेश म्हणाला, चालवणार नसाल तर नीट ठेवून द्या. अंजनाच्या कानावरून गेलं, पण ओट्यावर बसलेल्या एका माणसाने ऐकलं. त्याला वाटलं, बंदीत खानावळ बंद, मग जनरेटर उभाच राहणार. त्याने पेट्रोल काढून होडीच्या पेटीत ठेवलं. कॅन आम्ही दोघींनी बघितलाय. मग आपल्या इंजिनाला देतो ती सगळी माया त्याने या यंत्राला दिली आणि दुसऱ्या दिवशी सातपाटीला गेला."

"मोठे काका?" मितेश उसळला. "मग सांगितलं का नाय कोणाला?"

"तेच विचारू." तिने फोन नंदकुमारांच्या हातात दिला. अंजनाबाईने तो आधीच लावून ठेवला होता. स्पीकरवर म्हातारा, खणखणीत आवाज आला.

"कोण? नंदकुमार? होय, मीच निजवला तो. पाच तारखेला. का, काय झालं?"

"अरे तांडेल, घरात कोणाला सांगितलं नाहीस?"

"सांगायचं काय त्यात? दोरीच्या मुठीला पट्टी बांधली होती ना! माझ्याच रुमालाची. माझ्या होडीवर हँडलला पट्टी दिसली की नवा खलाशी पण हात लावत नाय. त्याला माहीत असतं, आधी उठवायचं, मग फिरवायचं. पट्टी बघून पण कोणी दोरी ओढली काय?"

"पट्टी नव्हती, भावजी," अंजनाबाई म्हणाली.

"नव्हती कशी? माझी गाठ सुटत नसते. कोणीतरी हाताने सोडवली असणार!"

सोनूबाई मितेशकडे वळली. आवाज चढवला नाही.

"मितेश, रविवारी कव्हर चढवताना दोरीच्या मुठीला काय होतं रे?"

"काही नव्हतं. म्हणजे... एक घाण फडकं होतं. कव्हर नीट बसेना म्हणून सोडलं."

"आणि टाकलंस कुठं?"

मितेशचा हात आपोआप पँटच्या मागच्या खिशाकडे गेला. दुपारी स्कूटरची सीट पुसलेली पट्टी तिथेच कोंबलेली होती. त्याने ती बाहेर काढली. लाल-पांढऱ्या चौकड्या. सोनूबाईने ती घेऊन टेबलावरच्या बोळ्याशेजारी ठेवली. फाटलेली कड फाटलेल्या कडेला बिनचूक जुळली.

मागून कोणीतरी फिसकन हसलं. मग मीरा मोठ्याने म्हणाली, "चोर खिशात घेऊन फिरत होता, बाबा!" आणि सगळा हॉल हसण्याने दणाणला.

मितेशचे कान लाल झाले होते. पण तांडेलच्या घरातलाच पोरगा होता तो. भिंतीपर्यंत चालत गेला आणि निलेशसमोर उभा राहिला.

"यार, माझी चूक. सगळ्यांसमोर बोललो, म्हणून सगळ्यांसमोर मागे घेतो."

निलेशने त्याचा खांदा दाबला. पिशवीचा पट्टा त्याच्या मुठीतून सुटला होता.

"चूक एकट्या याची नाय आणि एकट्या तांडेलची पण नाय," सोनूबाई म्हणाली. "होडीची खूण होडीवर चालते. घरी तोंडाने सांगावं लागतं. आणि नंदकुमार, उठायच्या आधी आणखी एक ठरवा. तो जनरेटर मीराच्या खिडकीखाली राहता कामा नये. त्या धुराला वास येवो न येवो, बंद जागेत तो माणूस मारतो. मीराची सासू त्या दिवशी पलंगावरून उठली नव्हती, हे कोणी ध्यानात घेतलं?"

निलेश पहिल्यांदाच बोलला. "बरोबर आहे. मीही दोनदा म्हणालो होतो. सगळ्या खिडक्या-दारांपासून लांब, मोकळ्यावर, धुराचं तोंड समुद्राकडे. वर छप्पर चालेल, पण चारही बाजू उघड्या हव्यात. आणि कव्हर पूर्ण थंड झाल्यावरच."

"आत्ताच हलवू," मितेश म्हणाला.

सहा जणांनी तो उचलला. मासळी वाळवायच्या मोकळ्या जागेत फरशीवर नेऊन ठेवला. अख्खा कोळीवाडा भोवती जमला. निलेशने प्लग काढून दोन-चार वेळा दोरी ओढली, आतलं तेल बाहेर उडालं. त्याने प्लग पुसून कोरडा केला, परत बसवला, वायर जोडली, पेट्रोलचा खटका उघडला.

"मितेश, तू ओढ."

पहिल्या ओढीला खोकला आला. दुसऱ्या ओढीला पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि लोक मागे सरले. "थांबा, ते तेल जळतंय," निलेश म्हणाला. मिनिटभरात धूर विरळ झाला, समुद्राकडे गेला, आणि जनरेटर एका सुरात चालू लागला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. अंजनाबाईने हात जोडले.

"रविवारचं काय पण?" नंदकुमारांनी विचारलं.

"चार पापलेट माझ्याकडनं," मीरा म्हणाली. "मोठे. मान खाली घालायची वेळ नाय यायची तुमच्या नातवावर."

"दोन सुरमया माझ्या!" दुसरी ओरडली. मग तिसरी, मग चौथी. अंजनाबाईला मोजायला बोटं पुरेनात. आवाज एवढा वाढला की जनरेटर ऐकू येईना.

त्या गलबल्यात एका म्हाताऱ्याने निलेशचा हात धरला. "पोरा, आमचा न्हाणीघरात ठेवलाय. तो चालतो ना तिथं?"

"न्हाणीघरात? आजोबा, आज सुरू करू नका! मी येतो बघायला."

"आधी आमच्याकडे!" मागून एक बाई पुढे घुसली. "आमच्या टाकीत गेल्या दिवाळीपासूनचं पेट्रोल आहे."

"अगो, मी आधी विचारलं!"

"तुझं घर कोपऱ्यावर, माझं वाटेत!"

ज्या माणसाला पाच वाजता वेशीबाहेर काढायचं होतं, त्याच्या दोन्ही बाह्या सहा वाजता दोन घरं ओढत होती. निलेश हसत होता, डोळे पुसत होता, आणि पिशवी सांभाळायला त्याला तिसरा हात नव्हता. शेवटी मितेशने ती पिशवी त्याच्या खांद्यावरून काढून आपल्या खांद्यावर घेतली आणि गर्दीत वाट करत ओरडला,

"रांग लावा रे! मिस्त्री एकच आहे!"